आजचा दिनविशेष: १४ जानेवारी (पानिपत खरंच संक्रांतीला झालं का?)

बारवकाठ | १४ जानेवारी २०२६, सकाळी ७:४०

सकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर एकाच काकांचे लागोपाठ दोन संदेश. पहिल्यात पतंग, हलवा आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. दुसऱ्यात काळी पार्श्वभूमी, तलवार, आणि मजकूर साधारण असा, की १७६१ साली आजच्याच दिवशी, ऐन मकर संक्रांतीला, पानिपतावर मराठ्यांवर 'संक्रांत कोसळली', तेव्हापासून हा वाक्प्रचार मराठीत आला, आणि त्याच शोकापायी आपण संक्रांतीला काळं नेसतो. शेवटी अर्थातच 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

पुढे पाठवलं नाही. चहा गार होईपर्यंत हिशेब करत बसलो.

१४ जानेवारी १७६१, बुधवार, ही तारीख पक्की आहे. घोळ 'संक्रांतीला' या शब्दात आहे. आपली संक्रांत निरयन, म्हणजे तारे धरून मोजलेली. ते वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण साठत साठत सत्तरएक वर्षांत त्यांचा एक दिवस होतो आणि संक्रांत एक तारीख पुढे सरकते. म्हणून हल्ली ती कधी १४ ला, कधी १५ ला येते. हेच मागे मोजत गेलं तर १७६१ मधली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन चारेक दिवस झाले होते.

आकडेमोड नको असेल त्यांच्यासाठी सोपा पुरावा: स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. शंभर वर्षं पुढे आल्यावरही संक्रांत १२ लाच होती, मग १७६१ मध्ये ती १४ ला कशी असेल?

तेव्हाच्या कागदांत तारीख नाहीच, तिथी आहे: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. तारीख आपण नंतर बसवली, आणि त्या तारखेवर आजची संक्रांत चिकटवली.

असो. धाग्याचा विषय फक्त पानिपत नाही. १४ जानेवारी म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं ते लिहा. दिनविशेषाच्या याद्या सगळीकडे सापडतात, त्या इथे डकवू नका ही विनंती.

---

आंबाघाट | सकाळी ८:०५

आम्ही टिळक पंचांगवाले. शनिवारीच, १० तारखेला, संक्रांत उरकून गुळाच्या पोळ्या खाऊन मोकळे झालो. दरवर्षी शेजारच्या वहिनी १४ ला वाण द्यायला येतात आणि दरवर्षी आईला तेच समजावून सांगावं लागतं.

तुमच्या हिशेबाने १७६१ सालची बाकीच्यांची संक्रांत आणि आमची आजची संक्रांत एकाच तारखेला येते. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "उशिरा का होईना, कळलं."

---

खुर्दा | सकाळी ८:३१

बारवकाठ, चार दिवस इकडे का तिकडे, काय फरक पडतो राव? लोकांना निदान या निमित्ताने पानिपत आठवतं. तुम्ही पंडित मंडळी प्रत्येक गोष्टीत खुसपट काढता आणि मग म्हणता, मराठी माणसाला इतिहासाचं प्रेम नाही.

---

बारवकाठ | सकाळी ८:४४

खुर्दा, तुम्ही घेतलेलं नावच पानिपतच्या हिशेबातलं आहे, त्यामुळे रागावणार नाही. :)

आठवण राहावी हे मान्य. पण 'संक्रांतीला संक्रांत कोसळली' या शब्दखेळात सगळा दोष ग्रहगतीवर जातो. दिवसच वाईट होता, मग कोण काय करणार! दोन-अडीच महिने समोरासमोर तळ देऊन बसलेलं सैन्य उपासमारीने का खंगलं, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. माझा आक्षेप तेवढाच.

---

ओवी_अनंत | सकाळी ९:१०

वाक्प्रचाराबद्दल दोन शब्द. 'संक्रांत' या शब्दाला अशुभाची छटा यायला पानिपताची गरज नव्हती. पंचांगात संक्रांतीचं फळ असतं ना! ती देवी यंदा कशावर बसून आली, काय नेसली, कुठल्या दिशेला चालली, कुठे बघते. जे ती घेते ते महागतं, जिकडे बघते तिकडे पीडा. आमची आजी फळ ऐकल्याशिवाय नवीन बांगड्या भरायची नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी किंक्रांत, करिदिन, त्या दिवशी शुभकार्य नाही. एवढं सगळं असताना 'अमुकवर संक्रांत आली' म्हणायला लढाई कशाला हवी?

काळ्या साडीचं तर सोडूनच द्या. थंडीत काळं ऊबदार, हे घरातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. शोकात कोणी हलव्याचे दागिने घालून लहान मुलांचं बोरन्हाण करतं का?

पानिपताने मराठीला जे खरोखर दिलं ते वेगळंच आहे. परीक्षेत 'पानिपत' होतं, निवडणुकीत होतं. 'विश्वास? तो तर पानिपतात गेला' हे मी लहानपणी किराणा दुकानदाराच्या तोंडून उधारीच्या संदर्भात ऐकलंय, विश्वासराव म्हणजे पानिपतावर पडलेला पेशव्यांचा मुलगा, हे त्यानंतर कित्येक वर्षांनी कळलं. 'भाऊगर्दी'चा संबंधही लोक पानिपतावरचे सेनापती सदाशिवरावभाऊंशी जोडतात. आणि तोतया! भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, बरीच वर्षं ते प्रकरण चाललं आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं.

---

यमुनातीर | सकाळी १०:२२

नोकरीनिमित्त दहा वर्षं हरियाणात आहे. पानिपत गावापासून काला आम, म्हणजे लढाईचं स्मारक, अगदी जवळ. पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात, भर उन्हात. छान बाग, कठड्यातला स्तंभ, शाळेची सहल आलेली. काहीच वाटलं नाही, खरं सांगतो. फोटो काढला आणि निघालो.

दुसऱ्यांदा मुद्दाम १४ जानेवारीला गेलो. सकाळी साडेआठला गाडीच्या दिव्यांतही समोरचा ट्रक दिसत नव्हता. धुकं असं की हात लावला तर ओलं लागेल. अंगात दोन स्वेटर, वर जॅकेट, पोटात गरम पराठे, आणि तरी दात वाजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की दख्खनची माणसं इथे महिनोन् महिने उघड्यावर, अर्धपोटी, बायकामुलं आणि यात्रेकरू बरोबर घेऊन कशी राहिली असतील.

खुर्दांनी विचारलं नाही तरी 'का' याचं थोडं लिहितो. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं. धान्य मिळालं, दत्ताजी शिंद्यांच्या मृत्यूचा सूड घेतल्याचं समाधान मिळालं. पण ते उत्तरेला गेलेले असताना अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्ली नि मराठे यांच्या मध्ये बसला. नकाशा काढून बघा: अब्दाली दक्षिणेला, मराठे उत्तरेला. ज्याचा मुलूख उत्तरेला तो दक्षिणेला, आणि पुण्याची वाट ज्यांना हवी ते उत्तरेला. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, पाठोपाठ दाणागोटा पाठवणारे गोविंदपंत बुंदेलेही मारले गेले, तिथे रसद तुटली. शेवटी सरदारांनीच भाऊंकडे येऊन सांगितलं, की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, त्याच्या वृत्तान्तात हे आहे.

म्हणजे १४ जानेवारी ही तारीख कोणी मुहूर्त बघून ठरवलेली नाही. धान्य संपलं म्हणून ती आली.

हल्ली दरवर्षी १४ ला तिथे शौर्य दिनाला महाराष्ट्रातून बसगाड्या भरून लोक येतात. 'रोड' नावाच्या स्थानिक समाजातली माणसंही येतात. त्यांच्यातले बरेच जण स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. त्यावर इतिहासकारांत वाद आहे, तो असू दे. एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "पूना से आए हो?" मी साताऱ्याचा, पण 'हो' म्हणालो. त्यांनी हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

---

दौलतीचा_कारभारी | सकाळी १०:५०

सुंदर प्रतिसाद, यमुनातीर. पण एक नाव राहिलं. मल्हारराव होळकर मैदान सोडून गेले नसते तर

---

भाला_बरची | सकाळी १०:५३

झालं सुरू. मल्हाररावांच्या वाट्याला दरवर्षी १४ जानेवारीला हेच. विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले, गोल (चौफेर रचलेलं सैन्य) फुटला, त्यानंतर मल्हारराव निघाले. उरलेल्यांना घेऊन बाहेर पडायला कोणीतरी हवं होतं. आणि गोलाची शिस्त नेमकी कोणी मोडली यावर आधी बोला.

---

दौलतीचा_कारभारी | सकाळी १०:५५

इब्राहिमखान गारद्याच्या तोफा रोहिल्यांना भाजून काढत होत्या तोवर सगळं ठीक होतं, शिस्त मोडली ती

---

संपादक मंडळ | सकाळी ११:०२

मल्हारराव, गोलाची लढाई आणि 'कोण जबाबदार' यावर आधीचे धागे आहेत, त्यांतल्या एकावर साडेचारशे प्रतिसाद आहेत आणि निकाल लागलेला नाही. कृपया तिकडे जावे. अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

---

नक्षत्रवेडा | सकाळी ११:४०

बारवकाठ, तुमचा हिशेब तपासला, बरोबर आहे. पण तुम्ही तिथीला फक्त 'तेव्हाच्या कागदांत असलेली' म्हणून बाजूला ठेवलंत, ते पटलं नाही.

इंग्रजी तारीख सूर्याशी बांधलेली. त्यामुळे 'पानिपत, १४ जानेवारी' एवढं कळलं की त्या दिवशीचा सूर्य मी आज सांगू शकतो, सालाशी काही घेणंदेणं नाही. दिवस सव्वादहा-साडेदहा तासांचा. भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ३९ अंश वर. मराठ्यांचं तोंड दक्षिणेकडे. ऊन डोळ्यांवर येत होतं असं जे सांगतात, त्यासाठी 'उत्तरायण लागलं होतं' वगैरे कारणं द्यावी लागत नाहीत, जानेवारीचा सूर्य तिथे असतोच. आणि संध्याकाळी सहाच्या आत तो मावळला असणार.

आता पुढची गोष्ट तारीख सांगू शकत नाही. रात्र कशी होती? त्यासाठी तिथी लागते. शुद्ध अष्टमी म्हणजे सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर, आणि तो मध्यरात्रीच्या आसपास मावळणार. म्हणजे लढाई मोडल्यावर पळणाऱ्या माणसाला निम्मी रात्र उजेड होता. पाठलाग करणाऱ्यालाही होता. पौषातला अर्धा चंद्र, धुकं नसेल तर शेतातून धावणारा माणूस दिसतो. जे त्या सहा तासांत लपून राहिले त्यांना नंतर अंधार मिळाला. नाना फडणीस त्या गर्दीतून जीव वाचवून निघाले आणि पुढे आत्मचरित्रात त्यांनी ते हाल लिहिले. महादजी शिंदे पायावर घाव घेऊन पडले, राणेखान भिस्त्याने त्यांना उचलून आणलं. ही माणसं त्या चंद्राखालून गेली.

दिवस कसा होता ते तारखेत आहे, रात्र कशी होती ते तिथीत. एक टाकून दुसरी ठेवली की अर्धं पानिपत जातं.

जाता जाता: आज पौष वद्य एकादशी. आज रात्री वर बघून 'तोच चंद्र' म्हणू नका, तो पहाटे उगवेल. तिथीने पानिपताचा दिवस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच, शाकंभरी नवरात्र बसलं तेव्हा, होऊन गेला.

---

ओवी_अनंत | सकाळी ११:५२

अंगावर काटा आला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

खुर्दा | दुपारी १२:०८

नक्षत्रवेडा, मानलं तुम्हाला. चार दिवसांनी फरक पडतो, हे शब्द मागे घेतो. म्हणजे, फरक पडत नाही हे शब्द. कळलं ना?

---

पार्वतीबाग | दुपारी १२:४५

सहसा लिहीत नाही, वाचतेच.

पानिपत १४ तारखेला झालं, पण कुणासाठी? नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेला निघाले होते. त्यांना भेलशाजवळ (आजचं विदिशा) सावकाराचं सांकेतिक पत्र हाती लागलं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधी माणसं. तोवर आठ-दहा दिवस उलटले होते. ते दिवस नानासाहेबांसाठी विश्वासराव जिवंतच होते. पुण्यात बातमी त्याच्याही नंतर. जून १७६१ मध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले.

आणि पार्वतीबाई, भाऊसाहेबांच्या पत्नी. स्वतः पानिपताहून जिवंत परत आल्या. भाऊंचं मरण त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही, सौभाग्यलेणी उतरवली नाहीत, असं सांगतात. त्यांच्यापुरती ती तारीख उजाडलीच नाही.

खुर्द्यातल्या माणसांच्या घरी तर कुठलंच पत्र आलं नसेल.

---

गोदाकाठची | दुपारी १:३०

सकाळपासून वाचतेय. धाग्याच्या पहिल्या लेखात लिहिलंय, 'विषय फक्त पानिपत नाही'. तेरा प्रतिसाद झाले, पानिपतच चाललंय. तक्रार नाही, वरचे प्रतिसाद मलाही आवडले. पण आमच्या घरी १४ जानेवारी म्हटलं की पानिपत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक: १९९४, नामविस्तार.

यादीत ते एका ओळीत संपतं: 'मराठवाडा विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामकरण.' एखाद्या दुकानाची पाटी बदलावी तसं.

विद्यापीठ १९५८ चं. त्याच्याही आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली होती. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती तेव्हा. म्हणून नाव मागितलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाला. झालं ना? नाही. त्याच रात्रीपासून मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे माझ्याच नांदेड जिल्ह्यातले, त्यांना मारलं. ठराव बाजूला पडला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरहून निघाला. धरपकड, लाठ्या, तुरुंग. १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं. ठरावापासून पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षं. आम्ही सगळे 'सोळा वर्षं' म्हणतो.

आजीचं सांगते. ठराव झाला त्या आठवड्यात त्यांच्या वस्तीतली सगळी माणसं रात्री ज्वारीच्या रानात जाऊन झोपायची. झोपायची कसली, बसायची. लहान पोर रडलं तर त्याच्या तोंडाला पदर. माझे वडील तेव्हा बारावीला होते. वह्या-पुस्तकांची पिशवी त्यांनी रानात बरोबर नेली होती, म्हणून ती वाचली. घर नाही वाचलं.

१९९४ ला मी नऊ वर्षांची. त्या दिवशी वडिलांनी रेडिओचा आवाज एवढा मोठा केला की आई ओरडली. बातमी संपल्यावर ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "नामांतर मागितलं, नामविस्तार दिला." आधीचं नाव तसंच ठेवून पुढे बाबासाहेबांचं नाव जोडलं, ती तडजोड होती, हे मला मोठी झाल्यावर कळलं. विरोध करणारे मराठवाड्याच्या अस्मितेचं कारण द्यायचे, तर मराठवाडा शब्द काढलाच नाही. मग जाळपोळ कशासाठी होती?

तर ही आमची १४ जानेवारी. दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर माणसांचा पूर येतो. लोक त्या कमानीला डोकं टेकवतात. पुस्तकांचे स्टॉल असतात, भीमगीतं असतात, गावाकडून आलेल्या बायका शिदोरी सोडून बसलेल्या असतात. संक्रांतीचं वाण त्यांच्याकडे वेगळं.

---

बारवकाठ | दुपारी १:५५

गोदाकाठची, चूक कबूल. 'यादी डकवू नका' म्हणालो आणि स्वतः एकाच ओळीवर दिवसभर बसलो. खरं सांगायचं तर नामविस्ताराची तारीख मला माहीतच नव्हती. पुण्यात वाढलो, शाळेत १४ जानेवारी म्हणजे पानिपत आणि पतंग.

---

खुर्दा | दुपारी २:०३

एक विचारू का? १४ तारीखच का निवडली असेल? संक्रांत म्हणून, 'गोड बोला' म्हणून?

---

गोदाकाठची | दुपारी २:१५

ते सरकारला विचारा. आम्हाला गोड बोलायला कुणी आलं नव्हतं, एवढं सांगते.

---

तंजावरी | दुपारी ३:२०

वनक्कम आणि नमस्कार. आम्ही तंजावरचे मराठी, दोन-अडीचशे वर्षांहून जास्त इथेच. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात, म्हणून लिहिताना पुस्तकी लिहितो.

वर नावाचा विषय निघाला म्हणून. आमच्या राज्याचं नावही १४ जानेवारीचंच आहे. १९६९ मध्ये याच दिवशी, पोंगलचा मुहूर्त धरून, मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं. अण्णादुरै मुख्यमंत्री होते, विधानसभेचा ठराव १९६७ चा. पण मागणी जुनी. शंकरलिंगनार यांनी त्यासाठी १९५६ मध्ये उपोषण केलं आणि त्यातच ते गेले. अण्णादुरै नाव बदललेलं बघून तीन आठवड्यांच्या आत वारले, ३ फेब्रुवारीला.

नाव काय, कागदावरची दोन अक्षरं, असं म्हणणाऱ्याला मी हे सांगतो. गोदाकाठची ताईंचा लेख वाचून घरात तमिळमध्ये भाषांतर करून सांगितला. आमचे आजोबा म्हणाले, "तिथेही एवढी वर्षं?"

---

नक्षत्रवेडा | दुपारी ४:०५

गोदाकाठची, तुमच्या लेखानंतर आकाशाचं काही लिहायला संकोच वाटतो, पण तारखांबद्दल एक राहिलं होतं.

आजच्या याद्यांत 'एडमंड हॅली यांचे निधन, १४ जानेवारी १७४२' असं सापडेल, धूमकेतूवाले हॅली. ही तारीख इंग्लंडच्या तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाची. १७५२ मध्ये इंग्लंडने अकरा दिवस गाळले, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. आजच्या हिशेबाने हॅली २५ जानेवारीला गेले. पानिपत १७५२ नंतरचं म्हणून त्या घोळातून सुटलं. त्याआधीच्या आपल्याही तारखा बघा: राज्याभिषेक ६ जून १६७४ ही ज्युलियन तारीख, आजच्या पद्धतीने १६ जून. १९ फेब्रुवारी १६३० चंही तेच, १ मार्च होते.

---

भाला_बरची | दुपारी ४:०९

म्हणजे जयंती तीन वेळा? तारखेने, तिथीने आणि

---

संपादक मंडळ | दुपारी ४:१०

नाही. या धाग्यावर जयंतीचा वाद नाही. आज सणाचा दिवस आहे, आम्हालाही घरी जायचे आहे.

---

आंबाघाट | दुपारी ४:१६

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

महाडचा_मिरगूट | दुपारी ४:४०

आमच्याकडच्या माणसाचं नाव कोणीच घेतलं नाही. चिंतामणराव देशमुख, जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे नेहरूंचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटत होतं तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं. संस्कृतात कविता करणारा अर्थमंत्री. रायगडावर जाताना नाते वाटेतच लागतं, लोक गाडी थांबवत नाहीत.

दुर्गा खोटे यांचाही जन्म आजचाच, १९०५.

---

यमुनातीर | सायंकाळी ५:१५

माजी सैनिक दिनही आज. पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले, म्हणून. यंदा काला आमला जाऊ शकलो नाही, सुट्टी मिळाली नाही. धुकं कसं होतं ते तिथून परतलेल्या मित्राला विचारलं. म्हणाला, "धूप निकली थी।"

---

बारवकाठ | सायंकाळी ६:३०

अपडेट. दुपारी सगळा हिशेब, विवेकानंदांच्या जन्मतारखेसह, घरच्या ग्रुपवर टाकला. तासभर शांतता. मग काकांचा संदेश: "ठीक आहे. म्हणजे पानिपत १० तारखेला झालं."

पुन्हा समजावलं. संक्रांत १० ला, पानिपत १४ लाच. मग नक्षत्रवेडांचा चंद्र सांगितला, तो मात्र त्यांना एकदम कळला. काका शेतकरी, रात्रीचं पाणी धरलेला माणूस. म्हणाले, "अष्टमीला बारा-साडेबारापर्यंत बॅटरी लागत नाही." नंतर गोदाकाठचींचा प्रतिसाद नाव न घेता पुढे पाठवला. तो वाचून त्यांनी फोन केला. १९७८ ला काका बीडला नोकरीला होते. त्यांनी जे पाहिलं ते मला तीस-चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आज अर्धा तास बोलले. ते इथे लिहायला त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून लिहीत नाही.

---

गोदाकाठची | रात्री ९:५०

वडिलांबरोबर गेटवर होते, आत्ता परतीच्या बसमध्ये बसलेय. नेटवर्क येतंय-जातंय. काकांना म्हणावं, लिहून ठेवा. इथे नको असेल तर वहीत.

वडिलांनी पुस्तकांच्या स्टॉलवर अकराशे रुपये खर्च केले, आई घरी काय म्हणेल ते उद्या कळवते. शेजारच्या सीटवर जालन्याच्या एक आजी आहेत, त्यांनी आत्ता तिळाची वडी दिली. चिक्कार कडक आहे, दात सांभाळून खातेय.

---

आंबाघाट | रात्री १०:०२

पाक जास्त झाला असणार.